८६६ मेगाहर्ट्झ, १ वॅटचा पीए चिप: एस-२२ झकास दिसतंय, पण पॉवर साडेसव्वीस डीबीएमच्या वर जात नाही

संत्रावाला_काटोल

नमस्कार मंडळी,

काटोलकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेत ठिबकचे व्हॉल्व्ह रेडिओवरून उघडायची सिस्टिम बनवून राहिलो आहे. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला फुलोरा यावा म्हणून, मे महिन्यात झाडांना ताण देतो, पाणी तोडतो. काळ्या जमिनीत ताण किती बसला हे वरून पाहून कळत नाही, म्हणून मातीत ओलाव्याचे सेन्सर पुरले आहेत. सेन्सरचा एखादा निरोप हुकला तर चालतं, पुढचा येतो. व्हॉल्व्हचं तसं नाही. तो बॅटरीवर असल्यामुळे ठरलेल्या वेळी क्षणभरच ऐकतो, आणि नाल्यापलीकडच्या व्हॉल्व्हना गेटवेची, म्हणजे विहिरीवरच्या मुख्य रेडिओच्या डब्याची, आज्ञा बरेचदा पोचतच नाही.

गेटवेत एसएक्स१२६२ हा रेडिओ चिप आहे, त्याचे सरळ २२ डीबीएम मिळतात (डीबीएम हे पॉवरचं माप, ३० म्हणजे १ वॅट). ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात ट्रान्समीटरला १ वॅटची मुभा आहे, म्हणून पुढे पीए (पॉवर ॲम्प्लिफायर) चिप लावला. चिप ३.६ व्होल्टवर चालतो, सोलर आणि लिथियम बॅटरी. आउटपुट मॅचिंग (चिप आणि ५० ओहमची अँटेना यांची सांगड घालणारं सर्किट) बाहेर करायचं आहे. बोर्ड दोन थरांचा, १.६ मिलिमीटरचा साधा एफआर-४. डेटाशीटमधल्या इव्हॅल्युएशन बोर्डाचं सर्किट घेतलं, मग चिपला बायस देऊन आउटपुटला नॅनोव्हीएनए (इम्पिडन्स मोजायचं छोटं यंत्र) लावला आणि एस-२२ (आउटपुटवरून परत फिरणारा सिग्नल, जितका उणे तितका मॅच चांगला) उणे २५ डीबी येईपर्यंत कपॅसिटर बदलले. ग्राफ झकास आला.

ड्राइव्ह (इनपुटचा सिग्नल) दिल्यावर मात्र २६.५ डीबीएम. करंट ०.५५ अँपिअर. चिपवर बोट ठेववत नाही. ड्राइव्ह वाढवली तरी पॉवर जागची हलत नाही. चिप खराब असेल म्हणून दुसरा लावून पाहिला, तेच. काहून होऊन राहिलं असं?

धंतोली_हॅम

भाऊ, आधी मोजमाप पक्कं करून घ्या. पॉवर कशी मोजली? मधला अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) खरोखर ३० डीबीचा आहे का? आणि ट्रान्समिट चालू असताना चिपच्या सप्लाय पायावर किती व्होल्ट उरतात ते बघा, बॅटरीच्या टोकावर नको. ०.५५ अँपिअर ओढताना बारीक वायर आणि बॅटरीचा प्रोटेक्शन बोर्ड मिळून पाव व्होल्ट सहज खातात.

संत्रावाला_काटोल

अटेन्युएटर व्हीएनएवर तपासला, ८६६ ला ३०.२ डीबी. केबलचे ०.३ डीबी धरलेले आहेत. सप्लाय पायावर ३.४ व्होल्ट होते. जाड वायर टाकून टेबलावरच्या सप्लायने चालवलं, आता पायावर पूर्ण ३.६ आहेत. पॉवर २६.५ ची २६.७ झाली. म्हणजे दुखणं तिथे नाही.

निवृत्त_सूक्ष्मलहरी

मोजमाप ठीक आहे असं धरून बोलतो. तुमचा एस-२२ चांगला आहे म्हणूनच पॉवर कमी आहे. विचित्र वाटेल, पण गणित करून पाहा.

चिपमधला शेवटचा ट्रान्झिस्टर ३.६ व्होल्टवर आहे. तो पूर्ण शून्यापर्यंत खाली येत नाही, साधारण ०.४ व्होल्ट त्याच्याकडेच राहतात. म्हणजे सिग्नलला एका बाजूला झुलायला ३.२ व्होल्ट मिळतात, त्यापेक्षा जास्त नाही. आता लोडमध्ये जाणारी पॉवर म्हणजे ३.२ चा वर्ग भागिले लोडची दुप्पट. लोड ५ ओहम असेल तर १.०२ वॅट, म्हणजे ३० डीबीएम. लोड २० ओहम असेल तर ०.२५६ वॅट, म्हणजे जेमतेम २४ डीबीएम. ड्राइव्ह कितीही वाढवा, व्होल्टेज आधीच छताला टेकलेलं असतं. सिग्नल चपटा होतो, हार्मोनिक (मूळ फ्रीक्वेन्सीच्या पटीतले सिग्नल) वाढतात, पॉवर वाढत नाही.

तुमच्या आकड्यावरून उलटं जाऊ. पायावर पूर्ण ३.६ असताना २६.७ डीबीएम, म्हणजे ०.४६८ वॅट. १०.२४ भागिले त्याची दुप्पट केली की जवळपास ११ ओहम येतात. तुमच्या चिपला सध्या एवढा लोड दिसतोय, त्याला हवेत ५.

मग एस-२२ कशाला चांगला आला? व्हीएनएचा सिग्नल मिलीवॅटपेक्षाही लहान. तेवढ्याशा सिग्नलला ट्रान्झिस्टरचा आउटपुट जसा दिसतो त्याच्याशी तुम्ही कॉंज्युगेट मॅच केला (रेझिस्टन्स तेवढाच, रिॲक्टन्स म्हणजे इंडक्टर-कपॅसिटरचा विरोध उलट्या चिन्हाचा). त्याने लहान सिग्नलचा गेन सर्वांत जास्त मिळतो. रिसीव्हरच्या पुढच्या टोकाला तेच हवं असतं. पॉवर ॲम्प्लिफायरला नको. इथे लोड ठरतो तो सप्लाय व्होल्टेज आणि हवी असलेली पॉवर यांवरून. यालाच लोडलाइन मॅच म्हणतात. चांगल्या पीएचा एस-२२ पूर्ण पॉवरच्या मॅचिंगवर उणे ६ किंवा उणे ८ डीबी दिसला तर घाबरू नका, ते साहजिक आहे.

डेटाशीटमध्ये ऑप्टिमम लोड म्हणून एक आकडा दिलेला असेल. तो चिपचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स नसतो. चिपच्या पायापाशी उभं राहून अँटेनाकडे पाहिलं की जे दिसलं पाहिजे, ते असतं. हे दोन्ही एकमेकांचे कॉंज्युगेट समजून लोक चिन्ह उलटं करतात आणि महिनाभर हैराण होतात.

बुटीबोरी_विद्यार्थी

काका, एक शंका. आम्हाला मॅक्झिमम पॉवर ट्रान्सफर थिअरम शिकवतात. सोर्स आणि लोड समान झाले की जास्तीत जास्त पॉवर जाते. मग तो नियम इथे लागू नाही का?

स्मिथवर्तुळ

काकांच्या आधी मी सांगते, कारण हाच प्रश्न दरवर्षी वर्गात येतो.

तो नियम खराच आहे, पण त्यात सोर्सच्या व्होल्टेजवर आणि करंटवर मर्यादा नसते. ट्रान्झिस्टरला दोन्ही मर्यादा आहेत. व्होल्टेज सप्लायपुरतं आणि करंट त्याच्या आकारापुरता. लोड मोठा घेतला तर व्होल्टेजची मर्यादा आधी येते आणि करंट शिल्लक राहतो. लोड लहान घेतला तर करंटची मर्यादा आधी येते आणि व्होल्टेज शिल्लक राहतं. दोन्ही मर्यादा एकाच वेळी गाठणारा लोड निवडायचा, म्हणजे ट्रान्झिस्टर पूर्ण वापरला गेला. शिवाय आत पॉवर किती जळते याची त्या नियमाला फिकीर नाही. समान रेझिस्टन्सला निम्मी पॉवर सोर्समध्येच जाते, आणि बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राला ते परवडत नाही.

आता ५ चे ५० करायचे कसे ते. एका एल-सेक्शनने होतं. क्यू म्हणजे ५० भागिले ५, त्यातून १ वजा, त्याचं वर्गमूळ: बरोबर ३. चिपकडून सिरीज इंडक्टर, त्याची रिॲक्टन्स ३ गुणिले ५, म्हणजे १५ ओहम. अँटेनाकडे शंट (ग्राउंडला जोडलेला) कपॅसिटर, ५० भागिले ३, म्हणजे १६.७ ओहम. ८६६ मेगाहर्ट्झला हे २.७ नॅनोहेन्री आणि ११ पिकोफॅरड होतात. चिपचं स्वतःचं आउटपुट कपॅसिटन्स वेगळं, ते डेटाशीटच्या लोडमध्ये काल्पनिक भाग (रिॲक्टन्स) म्हणून आलेलं असतं. तुमच्या चिपला तो किती दिलाय?

संत्रावाला_काटोल

ताई, डेटाशीटमध्ये ५ ओहम आणि काल्पनिक भाग शून्याच्या जवळ, असंच आहे. तुमचे आकडे घेऊन आजच सोल्डर करतो.

संत्रावाला_काटोल

केलं. २.७ नॅनोहेन्री आणि ११ पिकोफॅरड. पॉवर २७ डीबीएम, करंट मात्र ०.७ अँपिअर झाला. म्हणजे अडीच वॅट आत घेतो आणि अर्धा वॅट बाहेर देतो. आधीपेक्षा जास्त तापतो. काका आणि ताईंचं गणित मला पटलं आहे, कागदावर दोनदा करून पाहिलं. मग बोर्डावर का उतरत नाही?

हिंगणा_पीसीबी

कारण तुमच्या बोर्डावर एकच इंडक्टर नाहीये भाऊ, चार आहेत. तीन तुम्ही विकत घेतलेले नाहीत.

मी हिंगण्याला बोर्डांचं लेआउटचं काम करतो, रोजचं आहे म्हणून सांगतो. डेटाशीटमधला इव्हॅल्युएशन बोर्ड बहुतेक चार थरांचा असतो. त्यात वरच्या तांब्याखाली ०.२ मिलिमीटरवर ग्राउंड असतो. तुमचा ग्राउंड १.६ मिलिमीटर खाली आहे. याने दोन गोष्टी बदलतात. अर्धा मिलिमीटर रुंदीचा ट्रॅक तुमच्या बोर्डावर दर मिलिमीटरला साधारण ०.६ नॅनोहेन्री देतो, त्या पातळ थरावर ५० ओहमचा ट्रॅक त्याच्या निम्मा देतो. आणि व्हाया, म्हणजे वरच्या तांब्यातून खालच्या ग्राउंडला जाणारं तांब्याचं भोक. १.६ मिलिमीटर खोल, ०.३ मिलिमीटर भोकाची एक व्हाया एक नॅनोहेन्रीच्या आसपास जाते. ०.२ मिलिमीटर खोल असती तर विसरून गेलो असतो.

एक नॅनोहेन्री म्हणजे किती वाटतं? ८६६ मेगाहर्ट्झला ५.४ ओहम. तुमचा अख्खा लोडच ५ ओहमचा आहे.

कपॅसिटरच्या ग्राउंडला किती व्हाया आहेत, आणि चिपच्या पायापासून इंडक्टरपर्यंत ट्रॅक किती?

संत्रावाला_काटोल

कपॅसिटरला दोन व्हाया. चिपपासून इंडक्टरपर्यंत अंदाजे सव्वा मिलिमीटर.

हिंगणा_पीसीबी

जवळजवळ असलेल्या दोन व्हाया मिळून अर्धा नॅनोहेन्री धरा. ०४०२ साइजच्या (१ बाय अर्धा मिलिमीटर) कपॅसिटरचं स्वतःचं ०.४. म्हणजे तुमच्या ११ पिकोफॅरडच्या पोटात ०.९ नॅनोहेन्री बसलेत. ट्रॅकचे ०.७ इंडक्टरमध्ये मिळवा. ताई, एवढं गणित तुम्ही करा, तुमचा हात चालतो.

स्मिथवर्तुळ

करते. कपॅसिटरचे उणे १६.७ ओहम, त्यात ०.९ नॅनोहेन्रीचे अधिक ४.९. उरले उणे ११.८. म्हणजे सर्किटला तो ११ चा कपॅसिटर १५ पिकोफॅरडहून जास्त दिसतो. ५० ओहमला समांतर जोडला की सिरीज रूपात २.६ वजा जे ११.२ (जे ही काल्पनिक भागाची खूण). इंडक्टर २.७ आणि ट्रॅक ०.७ मिळून ३.४ नॅनोहेन्री, म्हणजे अधिक जे १८.५. चिपला दिसतंय २.६ अधिक जे ७.३.

५ हवे होते, २.६ झाले, वर ७ ओहमचा इंडक्टिव्ह भाग. म्हणून करंट वाढला आणि पॉवर नाही.

निवृत्त_सूक्ष्मलहरी

हिशेब बरोबर आहे, पण यावर विसंबून भाग बदलू नका. आधी मोजा. व्हायाचा अर्धा नॅनोहेन्री हा अंदाज आहे, तो ०.७ निघाला तर पुन्हा गणित बदलेल.

मोजायची रीत सांगतो, नीट वाचा. चिप हॉट एअरने काढा. मॅचिंगचे भाग जागेवर राहू द्या, आणि सप्लायचा चोक (सप्लायच्या वाटेतला इंडक्टर) व त्यामागचे डिकपलिंग कपॅसिटर (सप्लाय ते ग्राउंड) काढू नका, तेही लोडचा भाग आहेत. अँटेनाच्या कनेक्टरला चांगला ५० ओहमचा लोड घट्ट बसवा. आता १.२ मिलिमीटर जाडीची सेमीरिजिड केबल घ्या, जेमतेम बोटभर लांब, एका टोकाला एसएमए कनेक्टर. दुसऱ्या टोकाला आतली तार एक मिलिमीटरपेक्षाही कमी बाहेर काढा. बाहेरची जाकीट चिपखालच्या ग्राउंड पॅडला सोल्डर करा, तार आउटपुट पायाच्या पॅडला. जाकीट लांबच्या ग्राउंडला लावलीत तर मोजमाप फुकट जाईल.

सोल्डर करायच्या आधी कॅलिब्रेशन करा. एसएमएच्या तोंडाशी नेहमीचं ओपन-शॉर्ट-लोड. मग केबलचं मोकळं टोक सोल्डरच्या थेंबाने तार आणि जाकीट एकत्र करून शॉर्ट करा आणि व्हीएनएमध्ये इलेक्ट्रिकल डिले वाढवत जा. स्मिथ चार्टवरचा (इम्पिडन्स दाखवणारा गोल आलेख) ठिपका डाव्या टोकाला जाऊन तिथेच गोळा झाला, की संदर्भ प्रतल केबलच्या टोकाला आलं. आता थेंब काढा आणि पॅडला जोडा. हा सगळा खटाटोप एका मिलिमीटरसाठी आहे हे लक्षात ठेवा. ५ ओहमच्या ठिकाणी एक मिलिमीटर फार मोठं अंतर असतं.

तुमच्याकडे कुठला नॅनोव्हीएनए आहे? जुना ९०० मेगाहर्ट्झचा असेल तर ३०० च्या वर तो हार्मोनिकवर काम करतो, तिथे ॲव्हरेजिंग वाढवा आणि स्पॅन लहान ठेवा. वापरता येतो.

संत्रावाला_काटोल

काका, जुनाच आहे. तुम्ही सांगितलं तसं केलं. केबल मिळवायलाच वेळ गेला, नागपूरला बर्डीवर नाही मिळाली, मागवावी लागली.

रीडिंग: २.८ अधिक जे ६.९.

ताईंनी कागदावर काढलेलं आणि पॅडवर दिसलेलं इतकं जवळ येईल असं वाटलं नव्हतं. फार बरं वाटलं पाहून.

हिंगणा_पीसीबी

वा! आता कपॅसिटर कमी करा. ८.२ पिकोफॅरड. ८.२ चे उणे २२.४, त्यात ४.९ मिळवले की उणे १७.५, हवे होते त्याच्या जवळ. इंडक्टर २.२ घ्या, ट्रॅक धरून २.९ होईल. कागदावर साडेपाच ओहम आणि काल्पनिक भाग जवळपास शून्य. चिप बसवायच्या आधी याच केबलवर मोजून घ्या.

आणि कपॅसिटर सी-झिरो-जी प्रकारचाच. बर्डीवरच्या रीलमध्ये एक्स-सेव्हन-आर मिळाला म्हणून लावू नका. त्याची किंमत तापमानाने १५ टक्क्यांपर्यंत हलते आणि आरएफला तो सिग्नल खातो.

स्मिथवर्तुळ

इंडक्टरबद्दलही एक सांगते. मॅचिंगमध्ये जाणारं नुकसान साधारण सर्किटचा क्यू भागिले इंडक्टरचा क्यू (तो जितका जास्त, तितका इंडक्टर सिग्नल कमी खातो). आपला सर्किटचा क्यू ३. साध्या मल्टिलेयर इंडक्टरचा क्यू या फ्रीक्वेन्सीला २० असेल तर १५ टक्के, म्हणजे ०.७ डीबी तिथेच गेले. वायरवाउंड घेतलात आणि क्यू ४० मिळाला तर साडेसात टक्के. काही रुपयांचा फरक आहे, पण तुमच्या एका वॅटमधला थेट ७५ मिलीवॅटचा.

बुटीबोरी_विद्यार्थी

ताई, मग क्यू कमी केला तर? म्हणजे एकाऐवजी दोन एल-सेक्शन?

स्मिथवर्तुळ

चांगला विचार आहे. ५ चे आधी १५.८ करायचे, मग १५.८ चे ५०. १५.८ हा दोघांचा भौमितिक मध्य. प्रत्येक टप्प्याचा क्यू १.४७ होतो. ८६६ ला पहिला टप्पा १.३५ नॅनोहेन्री आणि १७ पिकोफॅरड, दुसरा ४.३ नॅनोहेन्री आणि ५.४ पिकोफॅरड. बँडविड्थ वाढते, भागांच्या चुकांना सर्किट कमी नाजूक होतं. पण नुकसान तेवढंच राहतं, कारण दोन टप्प्यांचे १.४७ मिळून पुन्हा जवळपास ३.

इथे मात्र मी सुचवणार नाही. आपला पट्टा जेमतेम तीन मेगाहर्ट्झचा, बँडविड्थची गरज नाही. आणि पहिल्या टप्प्यात १.३५ नॅनोहेन्री हवे असताना ट्रॅकच ०.७ देतोय. १७ पिकोफॅरडच्या पोटात ०.९ गेले तर तो कपॅसिटर ३० च्या घरात दिसेल. जाड बोर्डावर हे हाताबाहेर जातं. पातळ थराचा बोर्ड असेल तर जरूर करावं.

संत्रावाला_काटोल

मंडळी!

८.२ आणि २.२ बसवून चिपविना मोजलं: ५.३ अधिक जे ०.६. चिप बसवला. २९.६ डीबीएम, ०.५६ अँपिअर. म्हणजे ४५ टक्के. ड्राइव्ह थोडी कमी-जास्त केली की पॉवरही तशी हलते, आधीसारखी अडून बसत नाही. घरच्यांना बोलावून मीटर दाखवला.

एस-२२ पण पाहिला, उणे ७. काकांनी सांगितलं होतं तसाच.

धंतोली_हॅम

अभिनंदन भाऊ! आता हार्मोनिक बघा. दुसरा हार्मोनिक १७३२ मेगाहर्ट्झला येतो, तो तुमच्या व्हीएनएच्या कक्षेबाहेर आहे. कोणाकडे स्पेक्ट्रम ॲनालायझर असेल तर घेऊन जा. एक एल-सेक्शन लो-पास असला तरी तेवढ्याने भागत नाही, अँटेनाआधी वेगळा लो-पास फिल्टर हवा. विनापरवाना म्हणजे दुसऱ्याच्या फ्रीक्वेन्सीवर सांडायची परवानगी नव्हे. आणि पुढे ही वस्तू विकायचा विचार असेल तर ईटीए (सरकारी उपकरण-मंजुरी) लागेल, तिथे हे मोजलंच जातं.

निवृत्त_सूक्ष्मलहरी

याला जोडून एक गंमतीची गोष्ट, कामाचीही. तुमचा ८.२ पिकोफॅरड आणि त्याच्या पोटातले ०.९ नॅनोहेन्री मिळून १८५० मेगाहर्ट्झच्या आसपास रेझोनेट होतात. तिथे तो कपॅसिटर जवळपास शॉर्ट असतो. १७३२ त्याच्या शेजारी आहे. म्हणजे ज्या व्हायाने इतका त्रास दिला, तीच दुसऱ्या हार्मोनिकचा बराच भाग जमिनीत घालवतेय. मुद्दाम असे ट्रॅप करतातच, सिरीज इंडक्टर-कपॅसिटर ग्राउंडला. पुढच्या बोर्डावर व्हाया वाढवून ग्राउंड सुधारलात तर हा फायदा जाईल, तेव्हा फिल्टर आधीच ठेवा.

सप्लायचा चोक किती आहे? आणि डिकपलिंग कसं आहे?

संत्रावाला_काटोल

चोक ३३ नॅनोहेन्री, ०४०२ साइजचा. मागे १०० पिकोफॅरड आणि १० मायक्रोफॅरड.

निवृत्त_सूक्ष्मलहरी

३३ नॅनोहेन्री म्हणजे १८० ओहम, ५ ओहमच्या मानाने पुरेसे. पण ०४०२ चा ३३ नॅनोहेन्रीचा इंडक्टर ०.५६ अँपिअर झेलतो का ते त्याच्या डेटाशीटमध्ये बघा, बरेच झेलत नाहीत. मोठ्या साइजचा घ्या.

डिकपलिंगमध्ये १०० पिकोफॅरड आणि १० मायक्रोफॅरडच्या मध्ये खूप मोठी दरी आहे. तिथे १० नॅनोफॅरड आणि १ मायक्रोफॅरड घाला. ट्रान्झिस्टरचा गेन कमी फ्रीक्वेन्सीला भरपूर असतो, आणि काही मेगाहर्ट्झवर सप्लायची लाइन उघडी पडली तर ॲम्प्लिफायर तिथे स्वतःच ओरडायला लागतो. ८६६ च्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर बारीक रेषा दिसल्या तर तेच समजा.

हिंगणा_पीसीबी

आणि चिपच्या पोटाखालच्या ग्राउंड पॅडला व्हाया किती? नऊ तरी असाव्यात, सोळा उत्तम. उष्णता तिथूनच जाते, आणि ट्रान्झिस्टरच्या ग्राउंड पायात ०.१ नॅनोहेन्री जरी आला तरी अर्ध्या ओहमने गेन पडतो.

संत्रावाला_काटोल

नऊ आहेत. उष्णतेचं विचारणारच होतो. विहिरीवरची खोली टिनाची आहे, गेटवेचा डबा तिच्या भिंतीला बाहेरून आहे. आणि सगळ्यात जास्त काम मे महिन्यातच.

निवृत्त_सूक्ष्मलहरी

आत दोन वॅट, बाहेर ०.९, म्हणजे १.१ वॅट उष्णता. दोन थरांच्या बोर्डावर दर वॅटला ४० अंश धरले तर चिपचा गाभा भोवतीपेक्षा ४४ अंश वर. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश रोजचेच, उन्हातल्या बंद डब्यात आणखी २० सहज. बेरीज ११० च्या आत. सलग ट्रान्समिट केलं तरी चिप टिकेल, आणि तुमचा निरोप तर एक-दोन सेकंदांचा. चिपची काळजी नाही. त्या डब्यातल्या लिथियम बॅटरीची करा. तिला ६५ अंश सोसत नाहीत. डबा पांढरा घ्या, उत्तरेच्या भिंतीवर लावा, बॅटरी खोलीच्या आत सावलीत ठेवा.

गरम झाल्यावर गेन थोडा पडेल. डबा उन्हात दोन तास ठेवून एकदा पॉवर मोजा. २९ च्या खाली गेली तर ड्राइव्ह एक डीबी वाढवा, एसएक्स१२६२ कडे भरपूर शिल्लक आहे.

धंतोली_हॅम

अँटेनाचं राहिलं. एवढ्या कष्टाने केलेले ५ ओहम हे पुढे ५० ओहम आहेत तोवरच ५ आहेत. अँटेना टिनाच्या पत्र्याला खेटून लावली आणि एसडब्ल्यूआर (अँटेना ५० ओहमपासून किती ढळली त्याचं माप, १ म्हणजे अचूक) ३ झाला, तर पाव पॉवर परत येते आणि चिपला दिसणारा लोड भलतीकडेच जातो. केबल किती लांब आहे त्यावर तो २ ओहमही दिसेल नाहीतर १५. टेबलावर ट्यून केलेली अँटेना जागेवर पुन्हा मोजा, झाडांवर पाणी मारून ओली पानं असतानाही. एसडब्ल्यूआर दीडच्या आत ठेवा.

आणि एक वाटतं ते सांगतो. पॉवर २२ वरून २९.६ केलीत, साडेसात डीबी मिळाले, उत्तम. पण अँटेना सध्या खोलीच्या छपराएवढ्या उंचीवर असेल तर ती झाडांच्या शेंड्यांच्या खालीच आहे. सिग्नल पानांतून शिरतोय. एक दहा मीटरचा पाइप उभा करून ती शेंड्यांच्या वर न्या. केबल मात्र चांगली घ्या, बारीक काळी केबल दहा मीटरला तुमची सगळी कमाई खाईल. त्यापेक्षा गेटवेचा डबाच पाइपवर चढवा आणि खालून फक्त सप्लाय न्या.

संत्रावाला_काटोल

पाइप आहे घरी, बोअरच्या कामातला उरलेला. डबा वर चढवतो. पण काका म्हणाले बॅटरी सावलीत, मग खालून वर सप्लाय नेताना व्होल्टेज पडेल ना? १० मीटर जाऊन येऊन २० मीटर वायर.

हिंगणा_पीसीबी

खालून १२ व्होल्ट न्या, वर डब्यात ३.६ चा बक कन्व्हर्टर ठेवा. १२ ला करंट तिसऱ्या हिश्श्याहून कमी होतो. फक्त त्या कन्व्हर्टरचा इंडक्टर पीएच्या मॅचिंगपासून लांब ठेवा आणि त्याच्या आउटपुटला आणखी एक फेराइट बीड घाला, नाहीतर स्विचिंगचा खरखराट कॅरियरवर चढेल.

आणि पुढचा बोर्ड चार थरांचाच काढा. वरून दुसऱ्या थरावर सलग ग्राउंड, मध्ये ०.२ मिलिमीटर. फाइल इथे टाका, पाठवायच्या आधी मी एकदा नजर घालतो. मॅचिंगच्या भागांच्या दोन्ही बाजूंना थोडी मोकळी तांब्याची जागा ठेवा, म्हणजे कपॅसिटर अर्धा मिलिमीटर पुढे-मागे सरकवून ट्यून करता येईल.

संत्रावाला_काटोल

टाकतो भाऊ. यंदाचा मृगाचा ताण याच बोर्डावर काढतो, चार थरांचा हिवाळ्याअखेरच्या आंबिया बहाराच्या आधी. नाल्यापलीकडचे व्हॉल्व्ह उघडले की इथेच कळवीन, सिग्नलच्या आकड्यांसह.